लिटरमागचा कर, टनामागचा धूर

मुंबईत २०२५ मध्ये पेट्रोलचा भाव लिटरला १०३ रुपये ५० पैसे होता. त्यातले पन्नास-बावन्न रुपये खनिज तेल विकत घेणे, जहाजाने आणणे, रिफायनरीत शुद्ध करणे आणि पंपापर्यंत पोचवणे यांचे. पंपचालकाचे कमिशन चारेक रुपये. उरलेल्यात केंद्राचे उत्पादन शुल्क २१ रुपये ९० पैसे आणि राज्याचा व्हॅट साधारण चोवीस-पंचवीस रुपये. शंभराची नोट दिली की त्यातले पंचेचाळीस रुपये दोन सरकारांकडे जात. डिझेलच्या नव्वद रुपयांत केंद्राचे १७ रुपये ८० पैसे आणि राज्याचे पंधरा-सोळा. कोळशाचा हिशेब वेगळा असतो. तो लिटरने विकला जात नाही आणि त्याचा भाव कोणत्याही चौकात फलकावर लागत नाही. त्याच्यावर सप्टेंबर २०२५ पर्यंत टनामागे ४०० रुपये उपकर आणि ५ टक्के जीएसटी होता.

खनिज इंधनावर कर लावण्यामागचा अर्थशास्त्रीय विचार साधा आहे. जाळणाऱ्याच्या खिशातून इंधनाची किंमत जाते. पण धुराची किंमत रस्त्याकडेच्या दुकानदाराला, वीजकेंद्राजवळच्या गावाला, हवामान बिघडल्यावर कोरडवाहू शेतकऱ्याला मोजावी लागते. ती किंमत करातून भावात मिसळली की जाळणारा हात आखडता घेतो आणि सरकारला पैसाही मिळतो. भारतात हा कर गेली कित्येक दशके आहे आणि तो जगाच्या मानाने हलका नाही. पण तो धूर मोजून बसवलेला नाही. जिथे वसुली सोपी, तिथे तो चढत गेला. त्याच्या बऱ्यावाईट परिणामांचे मूळ इथे आहे.

पानेवाडी ते परभणी

मनमाडजवळच्या पानेवाडीत तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. उत्तर महाराष्ट्र आणि मराठवाड्याच्या बऱ्याच भागाला इंधन इथून जाते. टँकरच्या पोटात वेगवेगळे कप्पे असतात. प्रत्येक कप्पा ठरल्या खुणेपर्यंत भरला जातो, झाकणांना आणि नळांना सील लागते, चालकाच्या हाती चलन पडते. त्या चलनावर घनता लिहिलेली असते. पंपावर टँकर आला की व्यवस्थापक सील तपासतो, कप्प्यात पट्टी सोडून पातळी बघतो, काचेच्या उभ्या भांड्यात थोडे इंधन घेऊन त्यात घनतामापक आणि तापमापक सोडतो. तापमान बदलले की घनता बदलते, म्हणून तक्त्यावरून ती १५ अंशांच्या हिशेबाने काढायची आणि चलनावरच्या आकड्याशी ताडायची. फरक मर्यादेबाहेर गेला तर माल उतरवायचा नाही. एवढी काटेकोर तपासणी क्वचितच दुसऱ्या मालाच्या वाट्याला येते, आणि इंधन हे कर वसूल करणाऱ्या खात्यांचे इतके आवडते का, याचे उत्तरही तिच्यात आहे. ते मोजक्या डेपोंतून निघते, प्रत्येक लिटरची नोंद असते आणि कर तिथल्या तिथे जमा होतो. लाखो दुकानांतून विक्रीकर गोळा करण्यापेक्षा हे काम शंभर पटींनी सोपे.

परभणीत पेट्रोल राज्यात सर्वांत महाग असल्याच्या बातम्या वरचेवर येतात. कारण हेच डेपो जवळपास तीनशे किलोमीटरवर आहेत. वाहतुकीचा खर्च मूळ किमतीत मिळतो आणि व्हॅट टक्क्यांनी आकारला जात असल्यामुळे त्या खर्चावरही कर बसतो. उत्पादन शुल्कावरही व्हॅट बसतोच. मुंबईकरापेक्षा कमी मिळकत असलेला परभणीकर त्याच लिटरला राज्याला थोडा जास्त कर देतो. यात प्रदूषणाचा काही संबंध नाही.

केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा

पेट्रोलचे दर सरकारने ठरवण्याची पद्धत जून २०१० मध्ये संपली, डिझेलची ऑक्टोबर २०१४ मध्ये. जून २०१७ पासून भाव रोज सकाळी सहा वाजता बदलू लागले. त्याआधी वर्षानुवर्षे सरकार डिझेल, रॉकेल आणि गॅसवर तूट सोसत होते. आता पारडे फिरले. एप्रिल २०१४ मध्ये पेट्रोलवरचे उत्पादन शुल्क लिटरला ९ रुपये ४८ पैसे आणि डिझेलवरचे ३ रुपये ५६ पैसे होते. खनिज तेल स्वस्त झाले तसतसे ते वाढवण्यात आले. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत भारताला लागणाऱ्या तेलाचा सरासरी भाव पिंपाला २० डॉलरच्या आसपास उतरला. मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये एका रात्रीत वाढवले. पंपावरचा भाव त्याने वाढला नाही, पण जो उतरायला हवा होता तो उतरला नाही. केंद्राचे उत्पादन शुल्काचे उत्पन्न २०१४-१५ मध्ये सुमारे ९९ हजार कोटी होते. २०२०-२१ मध्ये, वर्षाचे कित्येक महिने रस्ते ओस असूनही, ते ३ लाख ७३ हजार कोटींच्या घरात गेले. पुढे तेल महागले, मे २०२१ च्या अखेरीस मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली, तेव्हा नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये शुल्क दोनदा कमी करावे लागले.

या शुल्काच्या पोटात चार वेगवेगळे कर आहेत. मूळ उत्पादन शुल्क पेट्रोलवर अवघे १ रुपया ४० पैसे, डिझेलवर १ रुपया ८० पैसे. बाकी विशेष शुल्क, रस्ते व पायाभूत सुविधा उपकर आणि २०२१ च्या अर्थसंकल्पात आलेला शेती उपकर. वित्त आयोगाच्या सूत्रानुसार राज्यांना वाटा मिळतो तो फक्त मूळ शुल्कातून. उपकर आणि विशेष शुल्क पूर्णपणे केंद्राचे. राज्यांनी मग आपली सोय व्हॅटमध्ये बघितली. महाराष्ट्राने ऑक्टोबर २०१५ मध्ये दुष्काळ निवारणासाठी पेट्रोल-डिझेलवर लिटरला २ रुपये अधिभार लावला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गांवरची दारूची दुकाने बंद पडली. बुडालेला महसूल भरून काढायला पेट्रोलवर आणखी ३ रुपये चढले. दुष्काळ सरला, दुकानांचा प्रश्न मिटला, अधिभार मात्र भावात मुरला. जुलै २०२२ मध्ये तो पेट्रोलवर ५ रुपयांनी कमी झाला, तरी टक्केवारीच्या व्हॅटवर ५ रुपये १२ पैसे शिल्लक राहिलेच.

इंधनावरच्या व्हॅटमधून महाराष्ट्राला २०२१-२२ मध्ये सुमारे ३४ हजार कोटी मिळाले, देशातल्या कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. जीएसटी आल्यावर राज्यांच्या हातात स्वतः ठरवता येतील असे मोठे कर दोनतीनच उरले: इंधन, दारू, मुद्रांक. पेट्रोल-डिझेल जीएसटीत आणण्याची मागणी दर निवडणुकीला होते आणि परिषदेत मागे पडते, ती यामुळे.

सीमेवरचे पंप

एका राज्याचा कर दुसऱ्यापेक्षा किती जास्त आहे हे बघायला आकडेवारी लागत नाही, सीमेवर उभे राहिले की पुरे. तलासरीपलीकडे गुजरातच्या हद्दीत पहिल्या काही किलोमीटरमध्ये पंपांची रांग आहे आणि तिथल्या बऱ्याच गाड्यांवर महाराष्ट्राचे क्रमांक दिसतात. २०२५ मध्ये गुजरातेत पेट्रोल मुंबईपेक्षा आठ-नऊ रुपयांनी स्वस्त होते. डिझेलमधला फरक, मुंबई-ठाणे पट्ट्यातला व्हॅट २०२४ च्या अर्थसंकल्पात २४ वरून २१ टक्क्यांवर आल्यानंतर, जवळपास संपला. त्याने मालवाहू ट्रकांचा हिशेब बदलला. मोटारसायकली आणि मोटारींचा नाही.

याचे सर्वांत ठळक उदाहरण गोव्याचे. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांच्या सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला. भाव एका दिवसात सुमारे ११ रुपयांनी उतरला. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग भागातल्या दुचाक्या पत्रादेवीचा नाका ओलांडून टाकी भरायला जाऊ लागल्या; सिंधुदुर्गातल्या पंपांची विक्री घटली. गोव्यातल्या पर्यटकाला आणि शेजारच्या जिल्ह्यालाही त्या सवलतीचा लाभ झाला, पण पेट्रोल कुणी कमी जाळले नाही. ही सूट गोव्याला पुढे मागे घ्यावी लागली.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात कर वाढला की खप घटतो असे लिहिलेले असते. छोट्या प्रदेशात खपातली दिसणारी घट पुष्कळदा फक्त सीमेपलीकडे सरकलेली असते. म्हणून इंधनकराचा पर्यावरणावरचा परिणाम मोजायचा तर एका जिल्ह्याच्या विक्रीवरून मोजता येत नाही, आणि शेजारची राज्ये वेगवेगळे दर लावत राहतील तोवर कराचा एक हिस्सा गाड्यांच्या फुकटच्या फेऱ्यांत जळत राहणार.

दोन इंधनांमधली दरी

कराच्या पातळीइतकाच दोन इंधनांच्या भावांमधला फरक महत्त्वाचा ठरतो. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेले तेव्हा डिझेल ४१ रुपये होते. डिझेल शेतकऱ्याचे आणि एसटीचे इंधन, म्हणून ते स्वस्त ठेवण्याचे धोरण होते. प्रत्यक्षात त्या बत्तीस रुपयांच्या फरकावर मोटार कंपन्यांनी डिझेल गाड्यांचा बाजार उभा केला. ज्यांना लाख-दीड लाख जास्त मोजून डिझेलची गाडी घेणे परवडत होते, त्यांनी शेतकऱ्याच्या नावाने ठेवलेली सवलत वापरली. डिझेलच्या धुरातली सूक्ष्म काजळी आणि नायट्रोजनची संयुगे शहरांच्या हवेत मिसळली. दर मुक्त झाले, डिझेलवरचे शुल्क चढले, दरी आठ ते पंधरा रुपयांवर आली, आणि डिझेल मोटारींचा खप ओसरला. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले तेव्हा देशातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने डिझेल गाड्या बनवणेच थांबवले. इंधनकराने भारतात प्रदूषण कमी केल्याचे निर्विवाद उदाहरण शोधायचे तर ते हे आहे, आणि ते पर्यावरणाचे नाव न घेता घडले.

दरीची दुसरी बाजू मनमाडने पाहिली. रेशनचे रॉकेल लिटरला बारा-तेरा रुपये आणि डिझेल चाळिशीत, असा तो काळ. डेपोतून निघालेले टँकर ढाब्यांवर थांबत आणि तिथे रॉकेल डिझेलमध्ये मिसळले जाई. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनावणे यांनी अशी भेसळ चालू असताना गाडी थांबवून हटकले. त्यांना तिथेच जिवंत जाळण्यात आले. राज्यभर सरकारी कचेऱ्या बंद राहिल्या, धाडी पडल्या, खटले चालले. पण भेसळीचा धंदा खऱ्या अर्थाने बसला तो २०१६ पासून रॉकेलचा भाव पंचवीस-पंचवीस पैशांनी वाढवत नेल्यावर. मिसळण्यात नफाच उरला नाही. एका प्रामाणिक अधिकाऱ्याला प्राण देऊनही थांबवता न आलेली गोष्ट पंचवीस पैशांच्या पायऱ्यांनी थांबली, ही नोंद करविषयक प्रत्येक चर्चेत व्हायला हवी. अर्थात त्या पायऱ्यांची झळ ज्यांच्या घरी चूल आणि चिमणी रॉकेलवर होती त्यांना बसली. उज्ज्वला योजनेतून गॅसची जोडणी आली, तरी सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च न झेपल्याने सरपणाकडे परतलेली घरे गावोगाव आहेत. सरपणाचा धूर बाईच्या फुप्फुसात जातो.

एसटी, ट्रॅक्टर आणि होडी

पेट्रोलवरचा कर श्रीमंतांवर पडतो हा समज अर्धाच खरा. केंद्राच्या पेट्रोलियम नियोजन विभागासाठी २०१३ च्या सुमारास झालेल्या देशव्यापी पाहणीत दिसले की पेट्रोलपैकी सुमारे ६१ टक्के दुचाकींत जळते. ज्याच्या गावाला दिवसात एक एसटी येते, त्याची मोटारसायकल ही चैन नसते. ती दूध डेअरीपर्यंत, मुलाला तालुक्याच्या कॉलेजपर्यंत आणि बायकोला दवाखान्यापर्यंत नेते. डिझेलचा मोठा हिस्सा मालवाहतुकीत जातो. लासलगावहून निघणाऱ्या कांद्याच्या ट्रकचे भाडे वाढले की ते शेवटी ग्राहकाच्या पिशवीत किंवा शेतकऱ्याच्या पट्टीत उतरते. बाजार पडलेला असेल तर बहुतेक वेळा पट्टीतच.

त्याच पाहणीत शेतीचा वाटा डिझेलच्या सुमारे १३ टक्के निघाला. नांगरट, रोटर, पेरणी, मळणी हे सारे आता ट्रॅक्टरवाल्याच्या एकरी दरावर चालते. डिझेल वाढले की हंगामाच्या सुरुवातीलाच दर वाढतो. डिझेल उतरले तर तो उतरल्याचे उदाहरण सापडणे कठीण.

एसटीची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. महामंडळाला रोज दहा लाख लिटरहून जास्त डिझेल लागते. चाळीस प्रवाशांची बस लिटरला साडेचार-पाच किलोमीटर जाते, म्हणजे एका लिटरमध्ये जवळपास दोनशे प्रवासी-किलोमीटर. दोघांना घेऊन जाणारी मोटार तेवढ्याच इंधनात पस्तीस-चाळीस. लिटरवर बसणारा कर त्यामुळे माणशी हिशेबात बसच्या बाजूनेच आहे, मोटारीच्या नाही. तरीही एसटी या करापायी खचते. याचे कारण दुसरीकडे आहे. भाडे वाढवायला सरकारची मंजुरी लागते आणि ती वर्षानुवर्षे अडून राहते. त्या काळात डिझेलचा वाढीव खर्च गाड्यांच्या दुरुस्तीतून आणि नव्या खरेदीतून कापला जातो. मग एकदम मोठी वाढ येते: ऑक्टोबर २०२१ मध्ये १७.१७ टक्के, जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के. तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी करही असतो. मार्च २०२२ मध्ये घाऊक ग्राहकांसाठी डिझेल किरकोळ भावापेक्षा वीस-पंचवीस रुपयांनी महाग झाले, तेव्हा स्वतःच्या आगारात पंप असलेल्या एसटीच्या गाड्या रस्त्यावरच्या खासगी पंपांवर रांगेत लागल्या. भाडे वाढले आणि गाडी वेळेवर आली नाही, की प्रवासी वडापच्या जीपमध्ये बसतो, नाहीतर हप्त्यावर दुचाकी घेतो. त्याने इंधन जास्त जळते. सरकारला त्यातून कर जास्तच मिळतो.

किनाऱ्यावर कर परत करण्याची एक जुनी पद्धत चालू आहे. यांत्रिक नौकांना लागणाऱ्या डिझेलवरचा राज्याचा व्हॅट मच्छीमारांना परताव्याने मिळतो. नौकेची नोंदणी, परवाना, ठरलेला कोटा, सहकारी संस्थेच्या पंपावरची बिले, हे सारे मत्स्यव्यवसाय खात्याकडे जाते आणि मंजुरीनंतर पैसे येतात. कागदावर व्यवस्था निर्दोष आहे. हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या बंदरात मात्र तक्रार वर्षानुवर्षे एकच असते: डिझेल आज रोखीने भरावे लागते आणि परतावा कित्येक महिने रखडतो. फेरीला लागणारे हजार-दोन हजार लिटर डिझेल, बर्फ, खलाशांची उचल, जाळ्यांची दुरुस्ती यांसाठी नौकामालक मासळीच्या व्यापाऱ्याकडून आगाऊ रक्कम घेतो आणि मग मासळी त्याच व्यापाऱ्याला, त्याने सांगितलेल्या भावात द्यावी लागते. रखडलेल्या परताव्यावरचे व्याज असे मासळीच्या भावातून वसूल होते. कर लावून तो गरजूंना परत देण्याची कल्पना जगभर मांडली जाते. रक्कम किती तारखेला परत मिळते यावर त्या कल्पनेचा निम्मा गुण अवलंबून असतो, हे या बंदरांवर स्पष्ट दिसते.

चंद्रपूरचा हिशेब

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, डिझेलचा सुमारे २.७ किलो. मुंबईत २०२५ मध्ये पेट्रोलवर केंद्र आणि राज्य मिळून सेहेचाळीस-सत्तेचाळीस रुपये कर धरला तर टनभर कार्बन डायऑक्साइडमागे वीस हजार रुपये होतात. डिझेलवर बारा हजारांच्या आसपास. वीजकेंद्रात जाणारा भारतीय कोळसा एक टन जळला की दीड ते पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्याच्यावर सप्टेंबर २०२५ पर्यंत असलेल्या ४०० रुपये उपकराचा हिशेब निघतो टनाला अडीचशे रुपये. खाणीवर रॉयल्टी असते, पण ती जमिनीखालच्या खनिजाची किंमत आहे. ती धुरासाठी नाही. कार्बनच्या हिशेबात सर्वांत जास्त धूर करणाऱ्या इंधनावर सर्वांत हलका कर, अशी ही उतरंड आहे.

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीजकेंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. दुर्गापूर, पद्मापूर, बल्लारपूर, घुग्घूस या पट्ट्यातल्या खाणींतून कोळसा रेल्वेने, वाहकपट्ट्यावरून, ट्रकनेही येतो. वॅगन उलटवली की तो खाली पडतो, चुरा होतो, भट्टीत जातो. मागे राख उरते, आणि भारतीय कोळशात राखेचे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास असते. ट्रकांच्या रस्त्याकडेला कडुनिंबाची पाने हिरवी दिसत नाहीत. उन्हाळ्यात अंगणात वाळत घातलेले धुणे संध्याकाळी झटकून घरात घ्यावे लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचे मूल्यमापन केले तेव्हा चंद्रपूर अतिप्रदूषितांच्या यादीत अगदी वर, चौथ्या क्रमांकावर होते. तिथली वीज बऱ्याच अंशी पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईच्या आसपास वापरली जाते.

कोळशावर पर्यावरणाच्या नावाने कर लावण्याचा भारतातला पहिला प्रयत्न १ जुलै २०१० रोजी सुरू झाला. टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर. २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २००, २०१६ मध्ये ४००. त्या वेळी जगातल्या फार थोड्या विकसनशील देशांत असा कर होता आणि भारताने हवामान परिषदांत तो अभिमानाने सांगितला. वीजनिर्मितीत युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो, तेव्हा ४०० रुपयांचा भार युनिटला अठ्ठावीस पैसे. वीज जीएसटीबाहेर असल्यामुळे या कराची वजावट मिळत नाही. तो विजेच्या दरात मुरतो. घरच्या बिलावर 'इंधन समायोजन आकार' ही ओळ असते. कोळसा, वाहतूक, कर यांतले फरक तिथून ग्राहकापर्यंत येतात, पण त्यातले किती पैसे कार्बनचे हे कोणालाही दिसत नाही. जो कर दिसत नाही तो वागणूकही फारशी बदलत नाही.

पैशाचे काय झाले, हे जास्त दुःखद आहे. २०१० ते २०१८ या काळात उपकरातून सुमारे ८६ हजार कोटी जमले. राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीकडे त्यातले ३० हजार कोटींपेक्षा कमी वर्ग झाले आणि प्रकल्पांवर खर्च झाले सुमारे १६ हजार कोटी. जीएसटी आल्यावर हा उपकर जीएसटी भरपाई उपकर झाला. स्वच्छ ऊर्जेसाठी जमणारा पैसा राज्यांची महसुली तूट भरायला वळला. सप्टेंबर २०२५ मध्ये तोही रद्द झाला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के करण्यात आला. वरवर हे कर वाढवल्यासारखे वाटते. पण टनाला तीन हजार रुपयांपेक्षा स्वस्त कोळशावर एकूण कर कमी झाला, महाग कोळशावर वाढला. दीड हजार रुपये टनाच्या कोळशावर पूर्वी ४७५ रुपये लागत, आता २७० लागतात. स्वस्त कोळसा म्हणजे कमी उष्णतेचा, जास्त राखेचा. किमतीच्या टक्क्यावर कर लावला की निकृष्ट कोळशाला तो हलका पडतो. वजनावर किंवा कार्बनवर लावला की तसे होत नाही. देशी खाणकामाला आयात कोळशापुढे बळ देण्याचे कारण समजण्यासारखे आहे. चंद्रपूरच्या हवेसाठी मात्र ही दिशा उलटी आहे.

दर आणि धूर

कर वाढला की खप किती घटतो, यावर अनेक देशांत अभ्यास झाले आहेत. ढोबळ निष्कर्ष असा की भाव १० टक्क्यांनी वाढला तर वर्षभरात खप एक-दोन टक्के, फार तर तीन टक्के घटतो. पाच-दहा वर्षांत घट त्याच्या दुप्पट किंवा जास्त होते. लगेच कोणी नोकरी बदलत नाही. पुढची गाडी घेताना मात्र मायलेज बघतो, घर निवडताना स्टेशन बघतो. भारतात पेट्रोलचा खप २०१४-१५ मध्ये सुमारे १ कोटी ९० लाख टन होता, २०२४-२५ मध्ये तो ४ कोटी टनांवर पोचला. एवढा कर असूनही दुप्पट. कर नसता तर आणखी वाढला असता हे खरे; पण मिळकत वाढली, दुचाकी हप्त्यावर मिळू लागली आणि बस मिळेनाशी झाली, या तीन गोष्टींपुढे कराचा रेटा कमी पडला. पर्याय नसेल तिथे कर हा फक्त वसुली उरतो.

स्वीडनने १९९१ मध्ये कार्बनवर टनाला २५० क्रोनर कर लावला आणि पुढे तो टप्प्याटप्प्याने पाचपटींच्याही वर नेला. त्याच वेळी उत्पन्नावरचे कर कमी केले. शहरांत घरे तापवण्यासाठी नळाने गरम पाणी पुरवणाऱ्या सार्वजनिक व्यवस्था होत्या. त्या तेलावरून लाकडाच्या कचऱ्यावर वळल्या. पर्याय हाताशी होता, म्हणून कर लागू पडला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००८ मध्ये टनाला १० डॉलरने सुरुवात करून जमा रक्कम इतर करांच्या कपातीतून परत केली. त्याचे जगभर कौतुक झाले, तरी महागाईच्या रोषापुढे ग्राहकांवरचा तो कर एप्रिल २०२५ मध्ये रद्द झाला. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये इंधनकरवाढीविरुद्ध लोक पिवळी जॅकेटे घालून चौकाचौकांत उतरले. त्यांत मोठ्या शहरांबाहेर राहणारे, मोटारीवाचून पर्याय नसलेले लोक पुष्कळ होते. सरकारला ती वाढ मागे घ्यावी लागली.

भारतातले करदाते चौकात उतरत नाहीत, कारण कर भावात दडलेला असतो आणि दोष कंपन्यांवर, अरब देशांवर किंवा विरोधी पक्षाच्या राज्य सरकारवर ढकलता येतो. पण कराचा पैसा कशासाठी घेतला आणि कुठे गेला, हे पावतीवर छापण्यात काही अडचण नाही. वीजबिलावर ओळी छापता येतात तर पंपाच्या पावतीवरही येतील.

टाकी रिकामी होताना

इंधनावर एवढा महसूल उभा केल्यावर सरकारे स्वतःच इंधनावर अवलंबून राहतात. विजेच्या स्कूटरचा हिशेब हे दाखवतो. पेट्रोलची स्कूटर लिटरमध्ये चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर जाते. त्यातून सव्वादोन किलो कार्बन डायऑक्साइड आणि सरकारांना, २०२५ च्या दराने, सेहेचाळीस रुपये. तेवढ्याच अंतराला विजेच्या स्कूटरला दीड युनिट पुरते. त्यासाठी चंद्रपूरसारख्या केंद्रात किलोभर कोळसा जळतो. कार्बन डायऑक्साइड सुमारे पाव हिश्श्याने घटतो आणि गल्लीतला धूर नाहीसा होतो, हा मोठा फायदा आहे. कोळशावरचा कर मात्र पस्तीस-चाळीस पैसे, आणि घरगुती बिलावरच्या १६ टक्के वीज शुल्काचे दोनेक रुपये. कार्बन डायऑक्साइड पाव हिश्श्याने घटला, कर मात्र विसाव्या हिश्श्याच्या आसपास उरला.

राज्याने २०२५ च्या धोरणात विजेच्या गाड्यांना करमाफी आणि काही द्रुतगती मार्गांवर टोलमाफी दिली, ते योग्यच झाले. पण रस्तेबांधणीचा उपकर पेट्रोल-डिझेलच्या लिटरवर आहे, राज्याच्या व्हॅटचे ३०-३५ हजार कोटी लिटरवर आहेत, आणि मच्छीमारांच्या परताव्यापासून एसटीच्या अनुदानापर्यंतचा खर्च त्याच तिजोरीतून होतो. दुचाक्या विजेवर गेल्या की पेट्रोलवरचा कर आधी घटेल. जड ट्रक शेवटी वळतील, म्हणजे डिझेलवरचा कर आणखी बराच काळ टिकेल आणि तो भाजीपाला, धान्य, सिमेंट यांच्या भाड्यातून वसूल होत राहील. त्या वेळी उरलेली तूट डिझेलवर चढवायची की कोळशावर कार्बनच्या वजनाने कर लावून खाणपट्ट्यातल्या जिल्ह्यांना त्याचा ठरलेला वाटा द्यायचा, हा निर्णय केंद्र आणि राज्ये यांना मिळून घ्यावा लागेल. दुसऱ्या मार्गाने कोळशाच्या टनाला आणखी चारशे रुपये लावले, तर विजेचे युनिट पुन्हा अठ्ठावीस पैशांनी महागते. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराचे बिल अठ्ठावीस रुपयांनी वाढते, आणि तेवढी रक्कम त्या घराला थेट परत देण्याइतका पैसा त्याच करातून जमतो.